वस्तुसंग्रहालयांचें प्रवेशमूल्य : दात्याच्या बाजूनें एक परीक्षण

१

वस्तुसंग्रहालयें व संरक्षित दुर्ग पाहावयास येणाऱ्या लोकांकडून प्रवेशमूल्य घ्यावें किंवा न घ्यावें, हा वाद आजवर बहुधा दोनच पक्षांच्या दृष्टीनें चालला आहे. एक पक्ष संस्था चालविणारांचा व दुसरा पाहावयास येणारांचा. पहिल्याची अडचण द्रव्याची, दुसऱ्याची तक्रार खिशाची. परंतु या व्यवहारांत एक तिसरा मनुष्य आहे व त्याचें नांव या वादांत क्वचितच निघतें. ज्याच्या माळ्यावरून, शेतांतून किंवा देवघरांतून ती वस्तु संग्रहालयांत आली तो दाता, हा तो तिसरा मनुष्य होय. या त्रैमासिकाचे वाचक जुन्या कागदांच्या व पोथ्यांच्या शोधार्थ स्वतः घरोघर फिरलेले असल्यामुळें त्यांस त्याची ओळख इतरांहून अधिक आहे. म्हणून त्याच्या बाजूनें या प्रश्नाचें परीक्षण येथें करावयाचें योजिलें आहे. आधीं विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष व शेवटीं सिद्धांत, ही मीमांसकांची अधिकरण मांडण्याची रीत या कामीं सोयीची वाटते. कारण या वादांतला पूर्वपक्ष मुळींच दुर्बळ नाहीं, व त्याचें पूर्ण म्हणणें ऐकून घेतल्यावांचून पुढें जाणें न्याय्य होणार नाहीं.

प्रथम विषय. केंद्र सरकारच्या रक्षणाखालीं असलेल्या स्मारकांस १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा व त्याखालील १९५९ चे नियम लागू आहेत. या नियमांप्रमाणें ज्या स्थळांस मूल्य ठरविलें आहे, तेथें पंधरा वर्षांवरील प्रत्येक मनुष्यानें तें दिलें पाहिजे. अशा स्थळांचे दोन वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गांतील स्थळीं भारतीय मनुष्यास पूर्वीं ५ रुपये पडत. २०१६ सालीं त्याचे १५ झाले व २०१८ सालीं २५ झाले. परदेशी मनुष्याचे १०० होते, त्यांचे आधीं २०० व नंतर ३०० झाले. आमच्या रायगड जिल्ह्यांत अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर या मूल्याचा अनुभव येतो. २०२५ च्या जुलै महिन्यांत मराठ्यांच्या बारा दुर्गांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें. त्यांतील रायगड व खांदेरी हे दोन याच जिल्ह्यांतले आहेत. जागतिक वारशाचीं स्थळें पहिल्या, म्हणजे अधिक मूल्याच्या, वर्गांत घालण्याची वहिवाट आहे. तेव्हां हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याच्या मोठ्या संग्रहालयांपुरता राहिला नसून कोंकणच्या किनाऱ्यावरील गांवांच्या दारापर्यंत येऊन ठेपला आहे.

दिघीच्या धक्क्यावर उभें राहिलें असतां राजपुरीच्या खाडीच्या मुखाशीं जंजिरा किल्ला समोर दिसतो. सिद्दींचें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, तोंपर्यंत हा सर्व मुलूख त्याच किल्ल्याच्या नांवानें ओळखला जात होता. आज किल्ल्यांत कलालबांगडी व तिच्या जोडीच्या तोफा उघड्यावर आहेत. दरवाज्यावर फारशी लेख व हत्तींस पंजांत धरणाऱ्या पशूचें शिल्प आहे. गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. भिंतीवर पाटी लावली नाहीं एवढ्यानें तें संग्रहालय नव्हे असें म्हणतां येणार नाहीं. तेथें जावयाचें तर नावेचें भाडें द्यावेंच लागतें, व त्याबद्दल कोणाचीच तक्रार नाहीं; कारण तें नावाड्याच्या श्रमाचें वेतन आहे. परंतु पाहण्याचें मूल्य हें भाडें नव्हे. मग तें आहे तरी काय? वेतन, कर, कीं दान? हाच संशय, व याच्या निर्णयावर पुढील सर्व अवलंबून आहे.

२

आतां पूर्वपक्ष. त्याचे चार मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा खर्चाचा. वस्तु मिळविणें सोपें, ती राखणें कठीण. कोंकणांतील खारा वारा लोखंड खातो, दमट हवा कागद खाते, आणि या दोहोंतून जें उरेल त्यावर वाळवी व कसर टपलेलींच असतात. पहारेकऱ्याचें वेतन, दिवाबत्ती, औषधें, कपाटें, सूची करणारा जाणता मनुष्य, या सर्वांस पैसा लागतो. रक्षणाच्या कामीं हयगय झाली म्हणजे काय होतें याचें उदाहरण दूर शोधावयास नको. दिवेआगर येथें १९९७ सालीं बागेंत पुरलेल्या तांब्याच्या पेटींतून गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. २०१२ च्या मार्च महिन्यांत त्यावर दरोडा पडला, दोन पहारेकरी जिवानिशीं गेले व मुखवटा वितळविला गेला. तें देवालय होतें, संग्रहालय नव्हे. परंतु मोलाची वस्तु खेडेगांवांत राखणें हें किती जोखमीचें काम आहे, हें त्यावरून सिद्ध होतें. तें काम स्वस्तांत होत नाहीं.

दुसरा मुद्दा असा कीं, जें फुकट मिळतें त्याची पर्वा लोकांस राहत नाहीं. दार मोकळें असलें म्हणजे उन्हाची सांवली शोधणारे, फळांच्या साली टाकणारे व तटाच्या दगडावर खिळ्यानें आपलें नांव कोरणारे आंत शिरतात. अल्प कां होईना, पण मूल्य ठेविलें तर चाळणीचें काम होतें.

तिसरा मुद्दा : जो मनुष्य मुंबईहून किंवा पुण्याहून गाडी करून येतो, खानावळींत जेवतो व नावेचें भाडें देतो, त्याच्या त्या दिवसाच्या खर्चांत २५ रुपये कोठें दिसतही नाहींत. त्यास माफी देण्याचें कारण काय?

चौथा मुद्दा सर्वांत बळकट आहे. संग्रहालय निःशुल्क ठेवावयाचें म्हणजे त्याचा खर्च सरकारी तिजोरींतून करावयाचा. ती तिजोरी मीठ-मिरची घेतांना कर देणाऱ्या गरिबांच्या पैशानेंही भरते. जो शेतकरी जन्मांत कधीं संग्रहालयांत गेला नाहीं, त्यानें हौशी प्रवाशाची करमणूक आपल्या पैशानें कां चालवावी? जो पाहील तो देईल, हा न्याय अधिक सरळ नाहीं काय?

३

या चार मुद्द्यांचा आतां एकेक करून विचार करूं.

चौथ्यापासून आरंभ करणें बरें. राज्यघटनेच्या ४९ व्या अनुच्छेदानें राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचें व वस्तूंचें रक्षण करणें हें राज्याचें कर्तव्य ठरविलें आहे, व ५१-क या अनुच्छेदानें आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणें हें प्रत्येक नागरिकाचें कर्तव्य सांगितलें आहे. कर्तव्य दोघांवर सारखें ठेविलें असतां, त्यांतील एकानें दुसऱ्यास दारांत अडवून मूल्य मागावें हें विपरीत दिसतें. शेतकरी कधीं संग्रहालयांत जात नाहीं हें खरें. पण त्याचें कारण त्यास आवड नाहीं असें नसून, ती जागा आपली नव्हे असें त्यास वाटत आलें आहे, हें आहे. जें कारण दूर करावयाचें तेंच पुढील युक्तिवादाचा आधार धरणें हा हेत्वाभास होय.

पहिल्या मुद्द्यास उत्तर असें कीं, खर्च आहे हें मान्य; पण घेतलेलें मूल्य त्या खर्चास लागतें काय? केंद्राच्या स्मारकांवर जमणारें प्रवेशमूल्य भारताच्या एकत्रित निधींत जमा होतें. तें ज्या दुर्गावर जमलें त्या दुर्गाच्या डागडुजीस म्हणून बाजूस ठेविलें जात नाहीं. दुर्गास जें मिळतें तें निराळ्या अनुदानांतून मिळतें. म्हणजे खिडकीपाशीं उभ्या असलेल्या मनुष्यास वाटतें कीं आपण या तटास चुना लावण्यास हातभार लावीत आहों, आणि वस्तुतः तो एक लहानसा कर भरीत असतो. विश्वस्तांच्या संग्रहालयांची गोष्ट निराळी. तेथें पैसा त्याच घरांत राहतो, व म्हणून तेथें मूल्यास कांहीं अंशीं वेतनाचें स्वरूप येतें. हा भेद ध्यानांत न घेतां दोन्ही ठिकाणच्या मूल्यास एकच समर्थन देणें योग्य नाहीं.

दुसऱ्या मुद्द्याविषयीं अनुभवाचीच साक्ष पुरे. ज्या दुर्गांवर मूल्य घेतलें जातें, तेथील दगडांवरही नांवें कोरलेलीं आढळतात. नांव कोरणाऱ्यास २५ रुपयांनीं अडविलें नाहीं. उलट आपण पैसे मोजले आहेत, तेव्हां दगडावर आपला कांहीं हक्क पोंचतो, अशी समजूत झालेले लोकही दिसतात. चाळणीनें अडतो तो निराळाच मनुष्य. चार मुलांस घेऊन आलेली विधवा बाई, पेन्शन नसलेला म्हातारा, दहावींतला मुलगा, हे त्या चाळणींत अडतात. नियमांत पंधरा वर्षांची मर्यादा आहे, व बहुतेक मुलें दहावीच्या वर्षांतच ती ओलांडतात. इतिहासाची जाण ज्या वयांत येऊं लागते, नेमकें त्याच वयापासून त्यांस मूल्य पडूं लागतें. चाळीस मुलांचा वर्ग न्यावयाचा तर प्रवासखर्चावर आणखी एक हजार रुपये. शिक्षकाचा व्यवसाय ज्यांनीं केला आहे त्यांस ठाऊक आहे कीं, खेड्यांतील शाळेची सहल बहुधा अशा एक हजारासाठींच मोडते.

तिसरा मुद्दा मात्र मान्य करणें भाग आहे. दुरून येणाऱ्या सुखवस्तु प्रवाशाकडून मूल्य घेण्यांत अन्याय नाहीं. परंतु त्यावरून सर्वांकडून घ्यावें असें सिद्ध होत नाहीं.

४

शुल्क या शब्दाचा जुना अर्थ पाहिला असतां हा भेद अधिक स्पष्ट होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शुल्काध्यक्षाचें एक प्रकरण आहे. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाला व ध्वज उभारून, विक्रीस येणाऱ्या मालावर त्यानें जकात घ्यावी असें तेथें सांगितलें आहे. कौटिल्य हा खजिन्याच्या बाबतींत ढिला होता असा आरोप त्याच्यावर कोणीच करणार नाहीं. तरी विवाहाचें, उपनयनाचें, यज्ञाचें व देवपूजेचें साहित्य जकातीवांचून जाऊं द्यावें असें तोही म्हणतो. नावाध्यक्षाच्या प्रकरणांत तर ब्राह्मण, संन्यासी, बालक, वृद्ध, रोगी, राजशासन नेणारा व गर्भिणी स्त्री यांस अध्यक्षाची मुद्रा देऊन नदीपार सोडावें असें स्पष्ट आहे. म्हणजे शुल्क हें व्यापारी लाभावर घ्यावयाचें. जेथें लाभ नाहीं किंवा सामर्थ्य नाहीं, तेथें तें सोडावयाचें, हें तत्त्व त्या कठोर शास्त्रकारासही मान्य होतें.

याहून बोलका पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. तेथील दहाव्या लेण्यांत नहपानाचा जामात उषवदात याचा लेख असून, इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर त्यानें पुण्यतर ठेविल्याचा त्यांत उल्लेख आहे. पुण्यतर म्हणजे उतारूंकडून भाडें न घेणारी तर. यांतील दाहनुका हें नांव आजच्या डहाणूशीं जुळतें. म्हणजे ही व्यवस्था आमच्याच कोंकणपट्टीच्या उत्तरेकडील भागांतली. यांत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, नावाडी कांहीं फुकट राबत नसणार. त्याचें वेतन दात्यानें भरलें, म्हणून उतारूस द्यावें लागलें नाहीं. निःशुल्क याचा अर्थ खर्चावांचून असा नव्हे. खर्चाचा भार दुसऱ्या योग्य मनुष्यानें उचलला असा आहे. संग्रहालयाच्या बाबतींतही प्रश्न एवढाच उरतो कीं, हा भार कोणीं उचलावा.

५

या प्रश्नाचा निकाल परदेशांत निरनिराळ्या प्रकारें लागला आहे. लंडनचें ब्रिटिश म्युझियम १७५३ च्या कायद्यानें स्थापन होऊन १७५९ सालीं निःशुल्क उघडलें. १९७४ च्या आरंभीं तेथें मूल्य लावण्यांत आलें व अवघ्या तीन महिन्यांत तें उठवावें लागलें. त्याच शहरांत साउथ केन्सिंग्टन येथें १८५७ सालीं उघडलेल्या संग्रहालयानें आठवड्याचे कांहीं दिवस सर्वांस मोकळे ठेवून, उरलेल्या दिवशीं सहा पेन्स घेण्याची रीत घातली होती. ते दिवस अभ्यासकांस शांतपणें काम करतां यावें यासाठीं होते. पुढें त्या देशांतील कित्येक राष्ट्रीय संग्रहालयांनीं मूल्य सुरू केलें, व २००१ च्या डिसेंबरांत तें बंद झालें. उलट पॅरिसचें लूव्र १७९३ पासून निःशुल्क होतें, त्यानें १९२२ सालीं मूल्य सुरू केलें व तें आजही आहे. तेव्हां सुधारलेल्या देशांत अमुकच चालतें असें म्हणून कोणाही पक्षास जिंकतां येणार नाहीं.

परंतु त्यांचें उदाहरण आम्हांस पूर्णपणें लागू पडत नाहीं, याचें एक मूलभूत कारण आहे. त्या महासंग्रहालयांतील पुष्कळशा वस्तू दूरच्या देशांतून आल्या. ज्यांच्या भूमींतून त्या आल्या ते लोक दारांत पाहावयास उभे नसतात. आमच्या संग्रहालयांच्या दारांत मात्र दाताच उभा असतो. आमचे संग्रह विजयानें जमले नाहींत, व मोठ्या किंमती देऊनही बहुधा जमले नाहींत. ते मागून जमले.

मुंबईचें जें संग्रहालय १८७२ सालीं राणीच्या बागेंत उघडलें व १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें, तें नागरिकांच्या वर्गणीनें उभें राहिलें. १९२२ सालीं लोकांस खुलें झालेलें प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, यांतील कलावस्तूंचा मोठा भाग सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आला. पुण्यास १९१० सालीं राजवाडे व मेहेंदळे यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलें. तेथील दफ्तरें कोठून आलीं हें या वाचकांस सांगावयास नको. राजवाड्यांनीं गांवोगांव पायपीट करून, कधीं विनवणीनें तर कधीं हट्टानें, लोकांच्या माळ्यांवरचे रुमाल खालीं उतरविले, व १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड त्यांतूनच निघाले. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव यांनीं मठांतून व घरांतून समर्थ संप्रदायाच्या पोथ्या गोळा केल्या. पुण्याचे दिनकर केळकर, ज्यांस काव्यरसिक अज्ञातवासी या नांवानें ओळखतात, त्यांनीं दिवे, अडकित्ते, दारांच्या चौकटी, स्वयंपाकघरांतील भांडीं अशा सुमारें वीस हजार वस्तू आयुष्यभर फिरून मिळविल्या व दिवंगत मुलाच्या नांवें तो संग्रह महाराष्ट्र शासनास दिला.

या सर्व उदाहरणांत दात्यास मोबदला काय मिळाला? वस्तु सुरक्षित राहील, ती लोक पाहतील, व आपल्या वंशजांस केव्हांही ती पाहतां येईल, एवढा विश्वास. या विश्वासावरच आमचे संग्रह उभे आहेत. प्रवेशमूल्याचा परिणाम तपासतांना किती प्रेक्षक कमी झाले एवढेंच मोजलें जातें. हा विश्वास किती कमी झाला तें कोणी मोजीत नाहीं. कारण ज्या घरांतून दफ्तर आलेंच नाहीं, त्या घराची नोंद कोणत्याही वहींत नसते.

या भागांतील एका वृद्ध गृहस्थांकडे मोडी कागदांचें एक गाठोडें आहे. तें एखाद्या संस्थेस द्यावें असें सुचविलें असतां ते म्हणाले, “मास्तर, द्यावयास हरकत नाहीं. पण पुढें नातवाला पणज्याचें अक्षर पाहावयाचें झालें, तर त्याला तिकीट काढावें लागेल ना?” या प्रश्नांत लोभ नव्हता. आपल्याच घरची वस्तु पाहण्यास परक्याप्रमाणें खिडकीशीं उभें राहणें त्यांस अपमानाचें वाटत होतें. ते कागद अद्याप त्यांच्या घरींच आहेत.

६

हें केवळ भावनेचें प्रकरण नव्हे. या किनाऱ्यानें मराठी भाषेस तिचे अत्यंत जुने लेख दिले आहेत. अलिबागजवळ आक्षी येथील शिलालेख, ज्याचा काल डॉ. तुळपुळे यांनीं शके ९३४ असा ठरविला, व दिवेआगर येथील शके ९८२ चा ताम्रपट, हे दोन्ही याच जिल्ह्यांतले. आक्षीचा शिलालेख कित्येक वर्षें रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस सोशीत उभा होता. त्यास पाहण्याचें मूल्य नव्हतें, पहाराही नव्हता. मूल्य न घेणें म्हणजेच रक्षण नव्हे, हेंही त्यावरून दिसतें, व पूर्वपक्षास तेवढें श्रेय दिलें पाहिजे. परंतु तो दगड वांचला कशानें? आजूबाजूच्या लोकांनीं त्यास उखडून पायरीस लावला नाहीं, म्हणून. ज्या ठिकाणीं सरकारी पहारा नाहीं तेथें गांवचा मनुष्य हाच पहारा होय. त्यास आपल्याच वस्तूपासून दूर ठेवणारी कोणतीही व्यवस्था, ती कितीही अल्प मूल्याची असो, हा पहारा काढून घेते.

आणि या पहाऱ्याची गरज आज पूर्वींपेक्षां अधिक आहे. दिघी बंदराच्या नांवानें एक औद्योगिक क्षेत्र वसविण्यास केंद्र सरकारनें २०२४ च्या ऑगस्टमध्यें मंजुरी दिली. उद्योगधंदे येतील, लोकांस काम मिळेल, ही इष्टच गोष्ट आहे. परंतु जमिनी विकल्या जातात, जुनीं घरें पाडलीं जातात, कुटुंबें मुंबईस किंवा पनवेलीस जातात, तेव्हां माळ्यावरच्या पेटाऱ्यांचें काय होतें हें या त्रैमासिकाच्या वाचकांनीं अनेक ठिकाणीं पाहिलें आहे. पेशव्यांचें मूळ गांव श्रीवर्धन याच तालुक्याचें ठिकाण. सिद्दींच्या अमलांतील मोडी व फारशी कागद ज्यांच्याकडे असावयाचे तीं हिंदु व मुसलमान घराणीं याच किनाऱ्यावरचीं. घर पाडण्याच्या आदल्या दिवशीं पेटारा संग्रहालयांत जाईल कीं रद्दीच्या तराजूंत, हें त्या घरच्या मनुष्याचा संग्रहालयाशीं पूर्वीं कांहीं संबंध आला होता कीं नाहीं यावर ठरतें. जो लहानपणीं तेथें मोकळेपणानें फिरला, त्यास तें घर आठवेल. जो कधीं आंत गेलाच नाहीं, त्यास रद्दीवाल्याचा पत्ता अधिक सोयीचा. आजचा द्रष्टा हाच उद्यांचा दाता होय. त्याच्याकडून दारांत पांच-पंचवीस रुपये घेऊन जें जमतें, त्याहून कितीतरी अधिक मोलाचें दफ्तर त्याच दारांतून परत जाण्याचा संभव असतो.

७

तेव्हां सिद्धांत असा. प्रवेशमूल्य सर्वस्वीं वर्ज्य नाहीं, पण सरसकट घेणें अयुक्त आहे. आणि त्याची मर्यादा प्रेक्षकाच्या ऐपतीवरून नव्हे, तर वस्तूशीं असलेल्या त्याच्या संबंधावरून ठरवावी. यास अनुसरून पुढील व्यवस्था सुचवितों.

ज्या घराण्यानें वस्तु दिली त्या घराण्यास प्रवेश निरंतर निःशुल्क असावा, व तसें दानपत्रांतच लिहून द्यावें. आमच्या जुन्या दानलेखांत आचंद्रार्क अशी मर्यादा घालीत. तीच येथें शोभेल. वस्तूखालीं दात्याचें नांव व त्याचें गांव ठळक अक्षरांत असावें. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं वस्तूचें वर्णन असतें, पण ती कोठून आली याचा पत्ता नसतो. संशोधनाच्या दृष्टीनेंही ही उणीव अक्षम्य आहे.

आठवड्यांतून एक दिवस, शक्य तर त्या भागांतील बाजाराचा दिवस, दार सर्वांस मोकळें असावें. गांवकऱ्यास ओळखपत्र विचारून माफी देण्यापेक्षां ही रीत बरी. कारण आपण येथलेच आहों हें आपल्याच गांवांत सिद्ध करावयास लावणें, हें मूल्य मागण्यापेक्षांही अधिक लागतें. सध्यां जागतिक वारसा दिनासारख्या ठराविक दिवशीं अशी माफी असते. परंतु वर्षांतून एकदोनदां येणाऱ्या दिवसाची वार्ता खेड्यांत पोंचेपर्यंत तो दिवस मावळलेला असतो.

विद्यार्थ्यास पंधरा वर्षांची मर्यादा नसावी. जो शिकत आहे तो कोणत्याही वयाचा असो, शाळेची किंवा महाविद्यालयाची चिठ्ठी पुरे समजावी.

पोथ्या व कागद वाचावयास बसणाऱ्या अभ्यासकाकडून वाचनाबद्दल कांहीं घेऊं नये. प्रतिमा काढून द्यावयाच्या असल्यास त्यास प्रत्यक्ष लागणारा खर्च तेवढा घ्यावा. हस्तलिखित हें वाचलें गेलें तरच त्याचें जतन केल्याचें सार्थक. कुलुपांतल्या पोथीची व वाळवीनें खाल्लेल्या पोथीची वाचकाच्या दृष्टीनें अवस्था एकच. याच ठिकाणीं खाजगी संग्राहकांसही एक विनंति आहे. आपल्याजवळची पोथी दाखविण्यास जे अनेक आडकाठ्या घालतात, त्यांस सरकारी खिडकीवर टीका करण्याचा अधिकार फारसा उरत नाहीं.

उरलेल्यांकडून, म्हणजे दुरून येणाऱ्या प्रवाशांकडून, मूल्य अवश्य घ्यावें. परंतु तें त्याच स्थळाच्या रक्षणास लागावें, आणि गेल्या वर्षीं किती जमलें व कशावर खर्चिलें याचा हिशेब दाराशींच पाटीवर लिहिलेला असावा. असा हिशेब असेल तर तें मूल्य कर न राहतां वेतन होईल, व देणाराही तें आनंदानें देईल. उषवदाताच्या पुण्यतरीचा भार एका राजपुरुषानें उचलला. आमच्या काळीं तो भार सुखवस्तु प्रवाशांनीं मिळून उचलावा यांत गैर कांहीं नाहीं. नाव मात्र गांवच्या म्हाताऱ्यास व मुलास घेतल्यावांचून निघूं नये.

यावर कोणी म्हणेल कीं, एवढ्या सवलती दिल्यावर खिडकींत जमणार काय? त्यास उत्तर असें कीं, जंजिरा, रायगड, कुलाबा यांसारख्या ठिकाणीं येणारा मोठा समुदाय बाहेरगांवचाच असतो, व त्याचें मूल्य पूर्ववत् राहणार आहे. सुटतो तो थोडा भाग, आणि सोडावयाचा तो त्याच्याकडून पुढें कागद, ताम्रपट व पोथ्या यावयाच्या आहेत म्हणून. ज्या संस्था दरवर्षीं नवीन साधनांसाठीं आवाहनें प्रसिद्ध करितात, त्यांनीं त्या आवाहनाखालीं एक वाक्य घालून पाहावें : देणाऱ्याच्या घरच्या मनुष्यास येथें कधींही मूल्य पडणार नाहीं. वर ज्यांचा उल्लेख केला त्या वृद्ध गृहस्थांस असें लिहून देणारी संस्था मिळाली, तर त्यांचें गाठोडें या पावसाळ्यापूर्वीं तिच्याकडे पोंचविण्याचें काम करण्यास प्रस्तुत लेखक सिद्ध आहे.

दिघी, ता. श्रीवर्धन